औषधाला उपास नसतो

कात्री थरात अर्धी शिरली आणि मास्तरणीच्या अंगठ्यातलं बळ एकाएकी निघून गेलं. शाळेच्या गणवेशाचं पांढरं कापड होतं, बारा पदरी थर, वर खडूची ठळक रेघ. रेघ सरळ राहिली, कात्री वाकडी गेली. बारा कॉलरी एका झटक्यात वाया.

शिवणाच्या त्या लांबट खोलीत सातही मशिनी थांबल्या. वीस वर्षं ती इथं कापड बेतत होती. मालकिणीपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांची ती मास्तरीणबाई.

"बाई, दृष्ट लागली तुम्हाला," काज-बटणं करणारी म्हणाली. तिच्या तोंडाला लगाम नव्हता, पण जीव लावायची. "सूर्य एखाद दिवशी पश्चिमेला उगवेल, तुमची रेघ हलायची नाही."

"पोटात अन्नाचा कण नसल्यावर हात हलणार नाही तर काय होईल?" मालकीण म्हणाली. "अकरा वर्षं गं! आपल्याला अकरा वाजेपर्यंत धीर निघत नाही."

सगळ्या हसल्या. मास्तरीण हसली नाही. तिनं जीभ गालाकडे सरकवली आणि तिथं दडवलेली काडी दाढेखाली घट्ट धरली.

व्रत सगळ्यांना ठाऊक होतं. मुलगी सहा वर्षांची असताना तापानं फणफणली. नवव्या दिवशी इस्पितळाच्या जिन्यात बसून मास्तरणीनं देवाला शब्द दिला: ही वाचू दे, हिला अठरावं संपेपर्यंत दिवसा अन्न तोंडात घालणार नाही. सकाळी डोळा उघडल्यापासून दिवेलागणीपर्यंत फक्त पाणी, आणि दुखलंखुपलं तर औषध. औषधाला उपास नसतो, हे तिला तिच्या आईनंच लहानपणी शिकवलं होतं. मुलगी वाचली. आता ती सतरा संपून अठराव्यात होती, दुसऱ्या गावी शिकायला. व्रताचे सात महिने उरले होते.

पहिली पाच वर्षं खरी गेली. दुपारी भूक पोटात मांजरासारखी ओरबाडायची. सहाव्या वर्षी खोकला धरला, हटेना. चौकातल्या काष्ठौषधींच्या दुकानातल्या म्हाताऱ्यानं पुडीत ज्येष्ठमधाच्या काड्या बांधून दिल्या. "तोंडात ठेवा, रस गिळा. घसा लोण्यासारखा होईल." काडी दिसायला वाळकं मूळ, चघळली की गोड. नुसती गोड नव्हे, खोल गोड. साखर संपली तरी जिभेवर राहणारं. खोकला दहा दिवसांत गेला. काडी राहिली.

कारण काडी तोंडात असली की मांजर ओरबाडत नसे. आधी दुपारची एक. मग सकाळची एक, दुपारच्या दोन. पुढं तिनं काड्या ठेचून, उकळून, आटवून घट्ट काढा करायला घेतला आणि छोट्या बाटलीत भरून कापडाच्या तुकड्यांखाली ठेवला. औषधाच्याच बाटलीत. कुणी विचारलंच तर उत्तर तयार होतं, घसा नाजूक आहे हो माझा. सहा वर्षांत कुणी विचारलं नाही. व्रताच्या बाईच्या तोंडात काय आहे, हे कोण बघायला जातं?

आणि ती देवाला काही लपवत नव्हती, असं तिला वाटे. रोज हात जोडताना "औषध तेवढं घेते रे" असं ती सांगतच होती. देव काही बोलत नसे. न बोलणाऱ्याची संमती गृहीत धरायला फार अक्कल लागत नाही.

त्या कॉलरींनंतर मालकिणीनंच तिला गल्लीच्या टोकाच्या दवाखान्यात धाडलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, डोळ्यांखाली काळं, टेबलावर अर्धा चहा गार झालेला. दंडाला पट्टा बांधून त्यांनी दाब मोजला, पुन्हा मोजला, दुसऱ्या दंडाचा मोजला. घोट्यावर बोट दाबलं, तर तिथं खळगा पडून राहिला.

"पायात गोळे येतात?"

"येतात. पहाटे."

"आधीपासून काही औषधं चालू आहेत? गोळी, काढा, काहीही?"

घशाला खोकला नव्हता. खोकला नसताना घेतलेलं कसलं औषध? तसं सांगायला गेलं असतं तर डॉक्टरीणबाईंनी विचारलं असतं, कशासाठी घेता. मग काय सांगायचं होतं?

"नाही," ती म्हणाली. "औषध असं काही नाही."

दाबाची गोळी सुरू झाली. दाब उतरेना. दुसरी जोडली, तर पाय आणखीच कापसाचे झाले. रक्त तपासलं, त्यात एक क्षार फार खाली गेलेला. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा नाही म्हटलं. तिसऱ्या खेपेलाही तोच प्रश्न, तेच नाही, आणि मग मूत्रपिंडावरच्या कसल्याशा ग्रंथीत गाठ असेल, मोठ्या इस्पितळात चित्र काढून बघावं लागेल, असं निघालं. "आणि हा उपास आजपासून बंद," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "देव माझ्यावर रागावला तर चालेल."

घरी नवरा लिफ्ट दुरुस्तीचं काम करून आला होता. त्यानं हातपाय धुता धुता सगळं ऐकलं. "एवढा दाब? आमची बारा मजली लिफ्टसुद्धा एवढ्या दाबाला थांबते गं, आणि तू चालतेस!" विनोद करूनही त्याचा चेहरा उतरलेलाच राहिला. "बंद म्हणजे बंद. मुलगी धडधाकट आहे. देवाला काय ते कळतं."

सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेली, पाखरासारखी बाई. मोजकं बोलायची आणि बोललेलं मोडायची नाही.

"सात महिने राहिलेत," त्या म्हणाल्या. "पोहत पोहत काठाशी यायचं आणि तिथं बुडायचं?"

"आई, डॉक्टर काय म्हणाल्या ऐकलंस ना?"

"ऐकलं. तिनं खायचं, तिनं जगायचं. उरलेले सात महिने मी धरते." त्यांनी डोळे मिटले, ओठ हलले, आणि डोळे उघडून त्या म्हणाल्या, "सांगितलं त्याला."

"आई, नको हो," मास्तरीण म्हणाली. "या वयात..."

"तू अकरा वर्षं काढलीस सूनबाई. मी बघत होते ना. मी दुपारी पोटभर जेवून लवंडायची आणि तू तिकडं रिकाम्या पोटी कात्री चालवायचीस. मला घास गोड लागायचा नाही. आता माझी पाळी."

मास्तरीण मान खाली घालून भाजी निवडत बसली. निवडलेली पानं आणि टाकायचे देठ तिनं एकाच ताटात केले.

दुसऱ्या दिवसापासून घराचं उलटं झालं. सकाळी सूनबाईनं खायचं आणि सासूबाईंनी तिच्या ताटाकडे लक्ष ठेवायचं. "आणखी घे. अंगात रक्त नाही तुझ्या." मास्तरीण घास चावत असे आणि तो दोऱ्याच्या गुंडीसारखा तोंडात फिरत राही. आता उपास सुटला होता, भूक नव्हती, खोकला नव्हता. तरी शिवणखोलीत पोचली की हात बाटलीकडे जाईच. आता ते कशाचं औषध होतं, हे तिनं स्वतःला विचारायचंच टाळलं.

सासूबाई पाणीही बेतानं पीत. चौथ्या दिवशी त्यांचा आवाज बारीक झाला. सहाव्या दिवशी दुपारी, सुट्टीच्या दिवशी, त्या कुशीवर पोटाशी गुडघे घेऊन पडल्या होत्या. मास्तरणीला बघवेना. तिनं पर्समधून एक काडी काढली, कोपरा सोलला आणि त्यांच्यापाशी बसली.

"आई, घसा कोरडा पडलाय तुमचा. हे तोंडात धरा. ज्येष्ठमध आहे. औषध आहे, चालतं."

सासूबाईंनी काडी तोंडात धरली. चघळली. त्यांच्या सुरकुतलेल्या गालात हळूच काहीतरी सैल झालं. मास्तरणीनं ते ओळखलं, कारण तिच्या गालात ते रोज होत असे. तिला हायसं वाटलं; आणि खरं सांगायचं तर नुसतं हायसं नाही. आता आपण एकट्या नाही, असंही वाटलं.

सासूबाईंनी काडी काढून तळहातावर ठेवली.

"गोड आहे गं हे."

"औषधच आहे आई. कुणालाही विचारा."

"असेल. पण मला आवडलं." त्यांनी काडी तिच्या हातात परत दिली. "औषध असतं तर तोंड वाकडं झालं असतं. मला आणखी हवंसं वाटलं. मग ते खाणंच की." त्या उठल्या, भिंत धरत मोरीपर्यंत गेल्या आणि तीन वेळा चूळ भरून आल्या. "अजाणता झालं, देव माफ करेल," म्हणाल्या आणि पुन्हा कुशीवर वळल्या.

मास्तरीण ती ओली काडी मुठीत धरून बसून राहिली. सहा वर्षं जी गोष्ट तिनं इतक्या खुब्यांनी टोलवली होती, ती या म्हातारीनं चार घटकांतही नाही, चार वेळा चावून ओळखली होती. आत्ताच बोलून टाकावं, असं तिला वाटलं. तोंड उघडलंही. पण सासूबाई पडल्या पडल्या पुटपुटल्या, "तुझी खरी कमाल आहे हो पोरी," आणि तिचं तोंड मिटलं.

नवव्या दिवशी सासूबाई उंबऱ्यात पडल्या. मोडलं काही नाही, पण शुद्ध गेली होती. नवरा कामावर होता. शेजारीण शिवणखोलीत धावली; तिच्या मदतीनं मास्तरणीनं त्यांना रिक्षात घातलं आणि त्याच दवाखान्यात आणलं. सलाईन लागलं. तासाभरानं त्यांनी डोळे उघडले, तर पहिला प्रश्न, "हे नळीतनं काय चाललंय? अन्न आहे की औषध?"

"औषध आहे आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण ते संपलं की पोटात अन्न जायला हवं. आज, आत्ता. नाहीतर पुढच्या खेपेला मी काही करू शकणार नाही. हृदय दमलंय तुमचं."

"सात महिने राहिलेत."

"सात महिने? आजी, सात दिवसांचीही हमी नाही देता येत अशानं."

"होतं हळूहळू. अंगाला सवय होते." सासूबाईंनी सलाईनचा हात न हलवता नजरेनं सून दाखवली. "हिला बघा. अकरा वर्षं अन्नाशिवाय दिवस काढले. झालीच ना सवय? ही परक्या घरातनं आलेली पोर, माझ्या नातीसाठी एवढं करते, आणि मी माझ्याच रक्तासाठी नऊ दिवसांत हातपाय गाळू?"

डॉक्टरीणबाई वैतागून मास्तरणीकडे वळल्या. "तुम्हीच सांगा यांना काहीतरी. तुमचंच ऐकतील."

खोलीत पडद्यापलीकडे कुणाचं तरी तान्हं रडत होतं. सलाईनचे थेंब पडत होते. मास्तरणीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"आई," ती म्हणाली, "मला सवय झाली नव्हती. मला भूकच लागत नव्हती."

"तेच तर म्हणते मी."

"तसं नव्हे. माझ्या तोंडात काडी असायची. तुम्हाला त्या दिवशी दिली ना, तीच. ज्येष्ठमधाची. ती असली की भूक मरते."

उत्तर आलं ते डॉक्टरीणबाईंकडून, आणि त्यांचा आवाज एकदम वेगळा होता.

"काय म्हणालात? ज्येष्ठमध? किती?"

"एखादी हो. कधीमधी."

"कधीमधी म्हणजे? नीट सांगा. ज्येष्ठमधानं दाब चढतो, क्षार उतरतो, पायांना सूज येते. मी तुमच्या अंगात गाठ शोधत बसलेय!"

"चार-पाच असतील दिवसाला."

"चार की पाच?"

मास्तरणीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. सासूबाई तिच्याकडे बघत होत्या, डोळे न हलवता.

"आठ," ती म्हणाली. "कधी दहा. आणि वर काढा. रोज एक बाटली, एवढी." तिनं दोन बोटांत माप दाखवलं. "सहा वर्षं झाली. आजही घेतला सकाळी."

डॉक्टरीणबाईंनी पेन टेबलावर ठेवलं. "तीनदा विचारलं मी तुम्हाला. काढासुद्धा म्हटलं होतं. तीनदा तुम्ही नाही म्हणालात."

"तुम्ही औषधाचं विचारलंत."

"मग हे काय होतं?"

सहा वर्षांत ती एकदाही अशी आपल्याच दोन उत्तरांच्या मध्ये उभी राहिली नव्हती. इकडे एक सांगायचं, तिकडे दुसरं, आणि दोन्ही ठिकाणी आपण खरं बोललो असं वाटून झोप लागायची.

सासूबाईच बोलल्या. हळू, जणू स्वतःशी हिशोब लावत.

"म्हणजे देवाला सांगितलंस औषध. आणि डॉक्टरांना सांगितलंस औषध नाही."

मास्तरणीनं मान डोलावली.

पडद्यामागचं तान्हं गप्प झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवरची मोठ्या इस्पितळाची ओळ खोडली. काडी, काढा आजपासून बंद. इतक्या दिवसांनी पुन्हा रक्त तपासायचं. काही आठवड्यांत दाब उतरायला लागेल. गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगितलं. त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

परतताना रिक्षात दोघी शेजारी बसल्या. वळणावर सासूबाईंचा खांदा तिला लागे, आणि त्या तो चटकन सावरून घेत.

घरी आल्यावर त्या स्वतःच म्हणाल्या, "दूध तापव. पाव आहे ना?" मास्तरणीनं वाटी समोर ठेवली. सासूबाईंनी पाव कुस्करला, दुधात बुडवला आणि भर दुपारी, खिडकीतल्या उन्हात बसून खाल्ला. सगळा. वाटी तिरकी करून तळाचं दूधही प्यायल्या. मास्तरीण उभ्या उभ्या बघत होती. तिच्यासाठी ती एक वाटी कुठल्याही शिव्यांपेक्षा जड होती.

"पहिली पाच वर्षं?" सासूबाईंनी तोंड पुसत विचारलं.

"ती खरी होती आई. मुलीची शपथ."

"मुलीला मध्ये आणू नकोस."

"खरी होती," ती पुन्हा म्हणाली. पण म्हणताना तिचं तिलाच ते खोटं वाटलं. एकेकाळी ती दुपारची कपाळाला ओला रुमाल बांधून कापड बेतायची, घामानं खडू हातातून निसटायचा. ते सगळं झालं होतं, आणि तरी आता त्याला साक्षीदार उरला नव्हता. पुढच्या सहा वर्षांनी मागची पाचही खाऊन टाकली होती.

नवरा आला तेव्हा शेजारणीनं त्याला जिन्यातच गाठून आई पडल्याचं सांगितलं होतं. तो धापा टाकत आत आला, आईला बसलेली बघून खाली बसला. "खाल्लंस? देव पावला! पण आई, मानलं तुला. नऊ दिवस! आणि ही अकरा वर्षं! या घरात मीच एक खादाड निघालो."

सासूबाई सुनेकडे बघत नव्हत्या. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. आपण सांगणार नाही, आणि लपवणारही नाही, असा त्यांचा चेहरा होता. तो चेहरा बघून मास्तरणीनंच सांगितलं. आकड्यासकट. या वेळी आठपासून सुरुवात केली.

नवरा आधी बघत राहिला, मग खो खो हसत सुटला. "एवढंच? अगं, काड्याच चघळल्यास ना? मला वाटलं, दरोडा घातलास! अन् मी म्हणतोय, हिच्या तोंडाला बडीशेपेसारखा वास कसा काय येतो!"

"हसू नकोस," सासूबाई म्हणाल्या.

"अगं, पण हे काय पाप आहे का?"

"आहे की नाही ते मला ठाऊक नाही. पण ती हसत नाहीये, तर तू हसू नकोस."

तो उठून चहा ठेवायला गेला. आपल्या बाजूनं कुणी बोललं, हे मास्तरणीला उशिरा कळलं, आणि कळल्यावर तिला अधिकच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दिवे लागले. रोजच्या या वेळी तिचा उपास सुटे, आणि घरातले तिच्या पहिल्या घासासाठी थांबत. आज कुणी थांबलं नाही, थांबायचं कारणही नव्हतं. तिनं हात धुतले आणि देवापुढे बसली.

"आई," तिनं मागं न वळता विचारलं, "याला काय सांगू?"

सासूबाई अंथरुणावर आडव्या झाल्या होत्या. "जे डॉक्टरांना सांगितलंस तेच. वेगळं काही नको."

"आणि राहिलेले सात महिने?"

"ते त्याचं तो बघेल. आधी झालेलं सांग. किती, तेही सांग." कूस बदलताना त्या म्हणाल्या, "पाच वर्षं खरी होती म्हणालीस, तीही सांग. पण शेवटी."

मास्तरणीनं हात जोडले. सहा वर्षं ज्या वाक्यानं सुरुवात व्हायची, ते आपसूक ओठांवर आलं. औषध तेवढं... ती थांबली. चेहरा पदरानं पुसला. स्वयंपाकघरात नवरा कपात चमचा फिरवत होता, आवाज होऊ नये म्हणून जपून.

"मला ते आवडायचं," ती म्हणाली. मनात नव्हे, ऐकू येईल इतक्या आवाजात.

मग सांगायला लागली.